०.१ टक्क्याची कुळकथा

क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया, म्हणजे अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींची बेसुमार पैदास होऊन सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग, ज्याला जडतो त्याच्या हातात साधारण दर तीन महिन्यांनी एक अहवाल पडतो. त्यावरची टक्केवारी उपचाराची पुढची दिशा बहुतांशी ठरवते, पण तिचा जन्म अगदी अलीकडचा आहे.

त्याआधीचे मोजमाप ढोबळ होते: डाव्या बरगडीखाली प्लीहा, म्हणजे बोलीतली पानथरी, किती वाढली हे वैद्य बोटांनी चाचपत आणि पांढऱ्या पेशी मोजत. ब्युसल्फान किंवा हायड्रॉक्सीयुरिया दिल्यावर दोन्ही उतरत, रोगाचे मूळ मात्र शाबूत राही. त्या मुळाची खूण १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका खुरट्या गुणसूत्राच्या रूपाने सापडली. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले, की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते, त्यातून निघणारे प्रथिन पेशींना वाढत राहण्याचा अखंड हुकूम सोडते, आणि तो हुकूम रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली.

गोळी इतकी गुणकारी ठरली की जुनी मापे निकामी झाली. पानथरी हाताला लागेना, सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेले गुणसूत्र दिसेना, तरी रोग दडून राहिलेला असे. म्हणून जोडजनुकाच्या आरएनए प्रती पीसीआर तंत्राने मोजणे आले, पण प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा निराळा निघू लागला. ‘आयरिस’ या इमॅटिनिबच्या रुग्णचाचणीतल्या, औषध सुरू न झालेल्या ३० रुग्णांचे नमुने ॲडलेड, लंडन आणि सिएटल येथे मोजून त्यांची मध्यम पातळी १०० टक्के धरण्यात आली होती; अखेर तीच पट्टी २००५ च्या बेथेस्डा येथील बैठकीनंतर जगाने स्वीकारली. म्हणजे अहवालातले शंभर टक्के रुग्णाचे स्वतःचे नसतातच, त्या तीस अनोळखी माणसांचे असतात; हे त्याला क्वचितच कोणी समजावून सांगते.

उपचार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत १०, सहा महिन्यांत १ आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत उतरणे हे आजचे टप्पे होत. टप्पा चुकला तर आधी गोळ्या नेमाने घेतल्या का हे विचारले जाते, मग जनुकात नवा बदल झाला का ते पाहतात. टी३१५आय हा बदल आढळल्यास इमॅटिनिबच नव्हे तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब आणि बोसुटिनिब ही तशीच औषधेही चालत नाहीत, आणि पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबकडे वळावे लागते. निवडीत रुग्णाची प्रकृतीही मोजली जाते: मधुमेह वा रक्तवाहिन्यांचा विकार असल्यास निलोटिनिब जपून द्यावे लागते, तर डॅसॅटिनिबने फुप्फुसाच्या आवरणात पाणी होऊ शकते. इमॅटिनिब जेवणासोबत, निलोटिनिब उपाशीपोटी. ग्रेपफ्रूटने या औषधांची रक्तातली पातळी वाढत असल्याने ते वर्ज्य असते, आणि गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या मंडपीला, बांधले जाणारे पपनस त्याचेच पूर्वज असल्याने कोकणात त्याबाबतही डॉक्टरांना विचारलेले बरे.

इमॅटिनिबची गोळी परवडण्याजोगी राहिली, यात मुंबईचा वाटा आहे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईच्या संस्थेने मूळ उत्पादक नोव्हार्टिसच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली, २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने तोच निर्णय कायम केला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाखाच्या वर होता. भारतीय कंपन्यांची गोळी त्याच्या दशांशाच्या आसपास मिळत होती.

गोळी स्वस्त झाली तरी मोजमाप सिंधुदुर्गापासून दूरच राहिले. आरएनए नाजूक असल्याने जांभळ्या टोपणाच्या नळीत काढलेले रक्त एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावे लागते, आणि मालवणच्या रुग्णाला कर्करोगासाठी बहुधा गोव्यातले बांबोळी नाही तर मुंबईतले परळ गाठावे लागते. वास्तविक क्षयरोगाच्या निदानासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेल्या सीबीनॅट यंत्रातच बीसीआर-एबीएल मोजणारे कार्ट्रिज चालते आणि त्याच आंतरराष्ट्रीय पट्टीवरचा आकडा काही तासांत देते. ते कार्ट्रिज ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात ठेवण्याची व्यवस्था आरोग्य विभागाने करावी.