समजून घ्या : भारतात आश्रय नाकारला गेला, तर दाद कुठे मागायची?

मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून एखादी व्यक्ती दुसऱ्या देशात आश्रय मागते. तो नाकारला, तर पुढे काय? अमेरिकेत यासाठी स्वतंत्र इमिग्रेशन न्यायालये आहेत आणि त्यांच्या निकालावर बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे अपील करता येते. पण अशी व्यक्ती हिंगोली जिल्ह्यात राहत असेल तर?

भारतात आश्रयाचा कायदा आहे का?

नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स' कायद्याने १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द केले. मात्र त्यातही आश्रय मागण्याची किंवा तो नाकारल्यास अपील करण्याची तरतूद नाही. आसाममधील विदेशी न्यायाधिकरणे व्यक्ती परदेशी आहे की नाही एवढेच ठरवतात, आश्रय देत नाहीत.

मग निर्णय कोण घेते?

ती व्यक्ती कोणत्या देशातून आली, यावर ते अवलंबून असते. तिबेटी आणि श्रीलंकन तमीळ निर्वासितांचा प्रश्न सरकार थेट हाताळते. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळची तिबेटी वसाहत १९७२ पासून अशाच व्यवस्थेत आहे. म्यानमार, अफगाणिस्तान, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांचे दावे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था (यूएनएचसीआर) दिल्लीत तपासते.

जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. केंद्राने २०११ मध्ये ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार, वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांवरून छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली, तर राज्य सरकार दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडे शिफारस करू शकते. म्हणजे हिंगोलीतल्या माणसाची फाइल पोलीस अधीक्षक कार्यालयापासून सुरू होते, पण अंतिम निर्णय दिल्लीत होतो.

नकार आला तर?

कोणी नाकारले, त्यावर पुढचा मार्ग ठरतो.

१. यूएनएचसीआर : नकाराचे पत्र मिळाल्यावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत संस्थेकडेच अपील करता येते. ते आधी निर्णय दिलेल्या अधिकाऱ्याऐवजी दुसरा अधिकारी तपासतो. पहिल्या मुलाखतीत काय चुकीचे समजले गेले किंवा कोणता पुरावा राहून गेला, हे नेमके लिहावे लागते.

२. नागरिकत्वाचा अर्ज : हा आश्रयाचा दावा नव्हे, पण अनेक निर्वासित याच वाटेने जातात. नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ नुसार खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत केंद्राकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आदेश केंद्राचाच असेल, तर कलम १५ए नुसार पुनर्विलोकन मागता येते.

३. उच्च न्यायालय : व्हिसा नाकारला किंवा देश सोडण्याचा आदेश निघाला, तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करता येते. हिंगोलीसाठी हे न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ.

न्यायालय काय पाहते?

रिट याचिका म्हणजे अपील नव्हे. छळाची भीती खरी की खोटी, हे न्यायालय सहसा नव्याने ठरवत नाही. म्हणणे ऐकले का, कारणे दिली का, कायद्याची पद्धत पाळली का, हे ते तपासते. कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) परदेशी व्यक्तीलाही लागू होतात. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यूएनएचसीआरने मान्यता दिलेल्या एका इराणी निर्वासिताला इराणला परत पाठवू नये, अशी भूमिका घेतली होती.

मात्र सर्वोच्च न्यायालयाचा कल अलीकडे कडक आहे. जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने विहित पद्धत पाळून परत पाठवण्यास मुभा दिली. देशात वास्तव्य करण्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे, हे त्याचे कारण. १९ मे २०२५ रोजी एका श्रीलंकन तमिळाच्या याचिकेवर, भारत ही धर्मशाळा नाही, अशी टिप्पणीही या न्यायालयाने केली.

कोणती काळजी घ्यावी?

याचिका दाखल झाली म्हणून परत पाठवणी आपोआप थांबत नाही. त्यासाठी अंतरिम स्थगिती वेगळी मागावी लागते. नकाराचा लेखी आदेश, तो हाती पडल्याची तारीख आणि नोंदणीची सर्व कागदपत्रे जपून ठेवणे महत्त्वाचे, कारण मुदत त्यावरून मोजली जाते. महिला, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कायद्यात त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.