परदेशी जाताना घरातल्या जुन्या वस्तू, चित्रं नेता येतात का? शिक्रापूर ते न्हावा शेवा, काय आहेत नियम

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिक्रापूरला चाकणकडे जाणारा फाटा आहे. रांजणगाव, सणसवाडी, चाकण असा कारखान्यांचा सगळा पट्टा आजूबाजूला. त्यामुळे इथून परदेशी जाणारी माणसं दोन प्रकारची. एक, नोकरीसाठी जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया गाठणारी इथलीच मुलं. दुसरे, काही वर्षं कंपनीचं काम करून मायदेशी परतणारे परदेशी इंजिनियर. दोघांचंही घरसामान ट्रकात चढतं आणि पुणे शहर टाळून चाकण-तळेगावमार्गे न्हावा शेवा बंदराकडे निघतं.

कपडे, पुस्तकं, मिक्सर, सायकल यांचं फारसं काही अडत नाही. अडतं ते आजीच्या देवघरातल्या पितळी मूर्तीवर, वाड्यातल्या समईवर किंवा जुन्या बाजारात हौसेने घेतलेल्या चित्रावर.

वस्तू आपली, मग परवानगी कशाला?

कारण 1972 चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा. तो 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं शिल्प, चित्र, नाणं, कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू. ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखिताला ही मर्यादा 75 वर्षांचीच. म्हणजे पणजोबांनी बोरूने लिहिलेली पोथीही यात येऊ शकते.

पुरावस्तू घरात ठेवायला बंदी नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं असतील तर त्यांची नोंदणी करावी लागते, एवढंच. पण देशाबाहेर ती फक्त केंद्र सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्थाच नेऊ शकते. खासगी माणसाला तो मार्गच नाही. नियम मोडला तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड, शिवाय वस्तू जप्त. ‘आमच्याच घरची आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

ही शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. 1920 साली घडवलेली समई 2019 मध्ये नेता आली असती, 2020 पासून नाही. आणि साध्या घरगुती वस्तूंना कोण विचारतं, असं वाटत असेल तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून यावं. तिथे अडकित्ते, दिवे, कुलपं हाच तर खजिना आहे.

चित्रांचं काय?

नऊ चित्रकारांच्या कलाकृतींना सरकारने ‘कलानिधी’ ठरवलं आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. यांचं चित्र शंभर वर्षांचं नसलं तरी बाहेर नेता येत नाही.

आता रविवर्म्याचं अस्सल तैलचित्र किती घरांत असणार? पण त्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती मात्र मराठी घरांत अजून आढळते. तो छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 1899 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्या काळातली छापील प्रतही आता शंभरी ओलांडून गेली आहे. ती खोक्यात भरण्याआधी तपासून घ्यावीच लागेल.

हयात चित्रकाराकडून घेतलेल्या चित्राला अशी अडचण नाही. बिल आणि शक्य असेल तर चित्रकाराची सही असलेलं पत्र जोडलं की बहुतेक काम होतं.

शंका असेल तर कुठे जायचं?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे एएसआयकडे. वस्तू पुरावस्तू नाही, असं प्रमाणपत्र तिथून मिळतं. मुंबई मंडळाचं कार्यालय सायन किल्ल्यात आहे. वस्तूचे फोटो आणि माहिती देऊन अर्ज करायचा, मग तज्ज्ञ पाहणी करतात. दिसायला जुनी असलेली नवी वस्तू असेल तर हा कागद फार उपयोगी, कारण कस्टमच्या अधिकाऱ्याला नुसत्या नजरेने वय सांगता येत नाही. हे काम पॅकिंगच्या आधी उरकावं. कंटेनर बंदरात उभा असताना धावपळ केली तर जागेचं भाडं रोज चढत राहतं.

लाकूड, मोरपीस आणि वारली

शिसवी झोपाळा न्यायचा बेत असेल तर जरा थांबा. शिसवाची अख्खी प्रजात 2017 पासून ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. अशा लाकडाची तयार वस्तू दहा किलोपर्यंतची असेल तर सूट आहे, त्यापुढे कागदपत्रं लागतात. झोपाळा दहा किलोत बसत नाही! सागवान या यादीत नाही.

मोरांसाठी प्रसिद्ध असलेली मोराची चिंचोली शिरूर तालुक्यातलीच. गळून पडलेलं मोरपीस घरात ठेवायला हरकत नाही, पण ते किंवा त्याच्या वस्तू देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी शेणाने सारवलेल्या कापडावरचं वारली चित्र, सुकं गवत, बिया यांचाही विचार करावा. तिथली जैवसुरक्षा तपासणी कडक असते.

ज्या लाकडी पेटीत सामान जातं, तिलाही नियम आहे. गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं लाकूड हवं आणि त्यावर तसा शिक्का हवा. गावातल्या सुताराकडून करून घेतलेली पेटी मजबूत असेल, पण शिक्क्याशिवाय ती अडकते.

खर्च आणि विमा

समुद्रमार्गे जागेनुसार पैसे लागतात. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. सामान कमी असेल तर इतरांबरोबर कंटेनर वाटून घेता येतो. विमानाने मात्र हलकी पण मोठी वस्तू महाग पडते. 120 बाय 90 बाय 15 सेंटिमीटरच्या चित्राच्या खोक्याचा गुणाकार करून त्याला 6000 ने भागलं की 27 किलो येतात. चित्र पाच किलोचं असलं तरी पैसे 27 किलोचे.

यादीत ‘घरसामान, 10 खोकी’ एवढंच लिहू नये. प्रत्येक खोक्यात काय आहे आणि त्याची किंमत किती, हे लिहावं. विमा घेताना स्वतः भरलेल्या खोक्यातली तूटफूट धरली आहे का, तेही विचारावं. बरेचदा ती धरलेली नसते.

विम्याचं आणखी एक कारण म्हणजे ‘जनरल ॲव्हरेज’. जहाज संकटातून सोडवायला आलेला खर्च जहाजमालकाबरोबर सगळ्या मालधारकांनी वाटून घ्यायचा, अशी ही जुनी पद्धत. मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकलं, तेव्हा मालकाने तिचाच आधार घेतला. त्यावर सुमारे 18 हजार कंटेनर होते. अशा वेळी आपली खोकी धडधाकट असली तरी हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, नसेल तर पैसे स्वतः भरावे लागतात.