धनुष्याच्या दोरीपासून टाचेच्या दोरीपर्यंत

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आयुधागाराच्या अध्यक्षासाठी ज्या याद्या दिल्या आहेत, त्यांत धनुष्याच्या दोरीचीही एक यादी आहे. ज्या, म्हणजे ही दोरी, कशाची वळावी? मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. पहिल्या पाच वनस्पती आहेत, सहावी वस्तू जनावराच्या अंगातली. आजचा मराठी वाचक इथे अडखळतो. आपल्याला स्नायू म्हणजे दंडाचा, मांडीचा मांसल भाग, तालमीत कमावला जातो तो. त्याची दोरी कशी वळणार? ती वळता येतच नाही. कौटिल्याचा स्नायू वेगळा आहे. मांस संपते आणि हाडाला जाऊन भिडते तिथला पांढरा, चकचकीत, चिवट पट्टा म्हणजे तो. आजची शरीरशास्त्राची मराठी पुस्तके त्याला कंडरा म्हणतात.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अशाच बांधणाऱ्या, जोडणाऱ्या अर्थाने ९०० स्नायू मोजले आहेत, आणि ५०० पेशी. पेशी म्हणजे मांसाचा गोळा. गोल, दोरखंडासारख्या स्नायूंना तिथे कंडरा हे नाव आहे. त्या १६, पैकी चार पायांत. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसे शरीर स्नायूंनी बांधलेले म्हणून भार पेलते, अशी उपमा सुश्रुताने दिली आहे. हाड, पेशी, शीर किंवा सांधा दुखावून होत नाही इतकी हानी स्नायू दुखावल्याने होते, असेही तो बजावतो. पुढे या शब्दांनी घरे बदलली. पेशी आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा शरीराचा घटक झाली. स्नायू मराठीत मांस झाला आणि बंगालीत मज्जातंतू. ग्रीक भाषेतही हेच घडले. ‘न्यूरॉन’ म्हणजे आधी कंडरा आणि धनुष्याची दोरी, नंतर मज्जातंतू. न्यूरॉन आणि स्नायू हे शब्द एकाच मुळातून आल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

दोरीचा शब्द मांसाकडे गेला आणि जोराचे सगळे श्रेयही मांसाकडेच गेले. माणूस चालतो, धावतो, उडी मारतो तेव्हा लागणारा जोर कुठून येतो, या प्रश्नाला शरीरशास्त्राने शेकडो वर्षे ‘मांसातून’ एवढेच उत्तर दिले. कंडरा म्हणजे नुसता दोर, इकडची ओढ तिकडे पोचवणारा. ती ताणली जाते, जोर साठवते आणि परत देते, ही गोष्ट शरीराच्या हिशेबात यायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

शस्त्रे करणाऱ्यांना मात्र ती फार आधीपासून ठाऊक होती. आशियातल्या धनुर्धरांच्या संमिश्र धनुष्यात पोटाच्या बाजूला शिंग आणि पाठीला कंडरेचे तंतू सरसाने चिकटवलेले असत, कारण धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते आणि तो ताण कंडरा न तुटता सोसते. ग्रीक आणि रोमन दगडफेकी यंत्रांच्या पिळांतही जनावरांच्या कंडरा असत. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने तर निवडही सांगून ठेवली आहे. जनावराचा जो भाग जास्त राबतो तिथली कंडरा जास्त चांगली, जसे हरणाचे पाय, बैलाची मान. मला हे वाक्य या सगळ्या इतिहासातले सर्वांत पुढचे पाऊल वाटते. वापराने कंडरेचा गुण बदलतो, हे त्यात आहे. पण हेरॉन यंत्रासाठी लिहीत होता. जिवंत हरणाच्या पायात ती कंडरा काय करत असेल, हा प्रश्न त्याला पडायचे कारण नव्हते.

वैद्यांचे लक्ष दुसरीकडे होते. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने मांसाच्या हालचालींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मांस फक्त आकसू शकते आणि म्हणून सांध्याच्या दोन बाजूंना एकमेकांविरुद्ध ओढणारी मांसाची जोडी लागते, हे त्याने नीट ओळखले होते. मज्जातंतूंतून एक सूक्ष्म प्राणतत्त्व वाहत येते आणि मांसाला चाळवते, असे त्याचे मत होते. त्यातून पुढे अशी समजूत रुजली की मांस त्या प्राणाने फुगते, आणि फुगल्यामुळे आखूड होते. दंड वळवून बेटकुळी काढणाऱ्या कुणालाही हे पटावे. डोळ्यांसमोर फुगताना दिसते की!

हा फुगा फोडला तो हॉलंडच्या यान स्वामरडॅम यांनी, १६६० च्या दशकात. त्यांचा प्रयोग इतका साधा आहे की आजही शाळेत मांडून दाखवावा. बेडकाच्या पायाचे मांस मज्जातंतूसकट काचेच्या नळीत ठेवले. नळीचे वरचे टोक केसासारखे बारीक आणि त्यात पाण्याचा एक थेंब. मांस खरेच फुगत असेल तर आतली हवा दाबली जाईल आणि थेंब वर चढेल. मज्जातंतू डिवचला, मांस आकसले; थेंब चढला नाही. मांसाचा आकार बदलतो, घनफळ वाढत नाही. रुंदी वाढते ती लांबी घटल्यामुळे. एका थेंबाने दीड हजार वर्षांची समजूत निकालात काढली. पण स्वामरडॅम यांच्या निधनानंतर सुमारे अर्धशतक, १७३७–३८ मध्ये, त्यांचे लेखन छापले गेले तेव्हा कुठे ते जगापुढे आले.

स्वामरडॅम यांच्याच काळात नील्स स्टेनसेन या डॅनिश अभ्यासकाने १६६७ मध्ये मांसाची भूमिती मांडली. अनेक ठिकाणी मांसाचे तंतू कंडरेला सरळ नव्हे, तिरके येऊन मिळतात, पिसातल्या केसांसारखे. असे तिरके बसवले की तेवढ्याच जागेत जास्त तंतू मावतात आणि ओढ वाढते. हे काम जवळजवळ तीनशे वर्षे पडून राहिले.

नाव मोठे झाले ते जिओव्हानी आल्फोन्सो बोरेली यांचे. १६७९ च्या शेवटच्या दिवशी ते रोममध्ये वारले. ‘प्राण्यांच्या हालचालींविषयी’ हा त्यांचा लॅटिन ग्रंथ १६८० आणि १६८१ मध्ये दोन भागांत निघाला. गॅलिलिओच्या परंपरेतल्या या गणितज्ञाने शरीराकडे तरफांचा सांगाडा म्हणून पाहिले. जुना समज असा की निसर्गाने थोड्या जोरात मोठे ओझे उचलायची सोय केली असेल. बोरेली यांनी दाखवले की उलटे आहे. कोपर वाकवून हातात ५ किलोची पिशवी धरा. पिशवी कोपरापासून ३५ सेंटीमीटरवर, आणि दंडाच्या मांसाची कंडरा हाडाला बिलगते ती जेमतेम चार-पाच सेंटीमीटरवर. म्हणजे मांसाला सात-आठ पट ओढावे लागते. पिशवी ५ किलोची, पण कंडरेवर ओढ ४० किलोच्या आसपास. शरीर जोराच्या बाबतीत तोट्याचा व्यवहार करते आणि त्या बदल्यात वेग व पल्ला मिळवते. मांस प्रत्यक्षात आकसते कसे, याविषयी बोरेली यांची कल्पना चुकली. तरफांचा हिशेब मात्र आजही तोच चालतो.

यानंतरची दोनशे वर्षे मी भरभर ओलांडतो. १७९१ मध्ये गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायातून विजेचा प्रश्न उभा केला, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसला मारे यांनी चालत्या माणसाचे क्षणाक्षणाचे फोटो एकाच काचेवर उतरवले. खरा गाठीचा टप्पा येतो तो इंग्लंडच्या ए. व्ही. हिल यांच्यापाशी. १९२२ चे नोबेल त्यांना मांसातून निघणाऱ्या उष्णतेच्या मोजमापासाठी मिळाले. (हेच हिल १९४३ च्या अखेरीस भारतात आले आणि इथल्या वैज्ञानिक संशोधनाविषयी त्यांनी सरकारला अहवाल दिला.) १९३८ मध्ये त्यांनी बेडकाच्या मांडीतल्या एका चपट्या मांसावरून एक सूत्र दिले. विहिरीतून रिकामी कळशी झरझर वर येते, भरलेली सावकाश. हा अनुभव कुणाला नवा नाही. हिल यांनी त्याला नेमकी वक्ररेषा दिली. मांस जितक्या वेगाने आकसेल तितका त्याचा जोर कमी. आकसू न देता नुसते ताठ धरले तर जोर भरपूर. आणि आकसायचा प्रयत्न करत असताना बाहेरच्या ओझ्याने ते लांबवले, तर जोर त्याहूनही जास्त. बैठक मारताना खाली जाणे सोपे आणि वर येणे कठीण वाटते, त्याचे कारण यात सापडते.

हिल यांच्याबरोबर काम केलेल्या वॉलेस फेन यांनी १९२३ मध्येच याची दुसरी बाजू दाखवली होती. मांस आकसून ओझे उचलते तेव्हा नुसते ताठ राहण्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मांसाचा स्वभाव कळतो. धरून ठेवणे त्याला स्वस्तात जमते आणि चांगले जमते. झपाट्याने आखूड होणे महागात पडते आणि त्यात जोरही जातो.

१९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सले आणि निडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सले एकमेकांचे कुणी लागत नव्हते. मांसाच्या तंतूत जाड आणि बारीक धागे असतात, ते स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात, हे त्यांनी मांडले. हा शोध फार मोठा, आणि म्हणूनच त्याच्या प्रकाशात बाकीचे अंधारले. प्रयोगशाळेत कंडरा ही दोरा बांधायची जागा उरली, तिची लवचीकता म्हणजे मोजमापातली अडचण. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सले आणि जूलियन यांनी तंतूची लांबी आणि जोर यांचे नाते ठरवले तेव्हा टोकांकडचा गोंधळ टाळण्यासाठी त्यांनी फक्त मधल्या तुकड्याचीच लांबी स्थिर धरली. त्यांच्या प्रश्नासाठी ते योग्यच होते. पण धावणारा माणूस टोके वगळून धावत नाही.

दोरी परत आली ती हिशेब जुळेना म्हणून. १९६४ मध्ये मिलानला काव्हान्या, सायबेने आणि मार्गारिया यांनी धावणाऱ्या माणसाने केलेले यांत्रिक काम मोजले आणि त्याला लागलेल्या ऊर्जेशी ताडून पाहिले. मांसाची कार्यक्षमता फार तर २५ टक्क्यांच्या आसपास. इथे निघाली ४० ते ५० टक्के. जमेपेक्षा खर्च जास्त दिसावा तसे हे. या फरकाचे स्पष्टीकरण एकच होते. पाय जमिनीवर आदळताना जी ऊर्जा वाया जाते असे वाटत होते, तिचा काही भाग कुठेतरी साठतो आणि पुढच्या उसळीला परत मिळतो. १९७३ मध्ये डॉसन आणि टेलर यांनी कांगारूंना फिरत्या पट्ट्यावर उड्या मारायला शिकवले. वेग वाढला तरी त्यांना लागणारा प्राणवायू वाढेना.

साठवण नेमकी कुठे, हे इंग्लंडमधल्या लीड्सच्या मॅकनील अलेक्झांडर यांनी लावून धरले. उंटाच्या पायात त्यांना अशी कंडरा सापडली की जिच्यातले मांसाचे तंतू जवळजवळ नाहीसेच झाले होते. मांस गेले, स्प्रिंग उरली. १९८७ मध्ये त्यांच्या गटाने, उपचारासाठी कापाव्या लागलेल्या माणसाच्या पावलांवर यंत्राने दाब देऊन पाहिला. ७० किलोचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावतो तेव्हा एका पावलात साधारण १०० जूल ऊर्जेची उलाढाल होते; त्यातले ३५ जूल टाचेमागच्या कंडरेत साठतात आणि १७ जूल तळव्याच्या कमानीत. म्हणजे निम्मी ऊर्जा या दोन ताणलेल्या गोष्टींत. ताणताना दिलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त कंडरा परत करते. वजनाला वजन धरले तर तिच्यात पोलादी स्प्रिंगपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा मावते. धनुष्य बनवणाऱ्याने तिला निवडले होते ते यासाठीच.

ओढ किती असते, हे फिनलंडमध्ये पावो कोमी यांनी थेट मोजले. टाचेमागच्या कंडरेवर शस्त्रक्रियेने एक छोटे बक्कल बसवून माणसाला धावायला लावले. आकडा ९००० न्यूटनपर्यंत गेला, शरीराच्या वजनाच्या साडेबारा पट. बोटाएवढ्या जाडीच्या दोरीवर नऊशे किलोच्या आसपास ओढ. मी हे वाचल्यावर टाचेमागे दोन बोटे लावून पंजावर उभा राहिलो. तिथली कंडरा लोखंडासारखी ताठ झाली, आणि तो तर नुसता उभे राहण्याचा ताण होता.

मग मांस काय करते? १९९७ मध्ये टॉम रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी टर्की पक्ष्यांना पट्ट्यावर पळवले. टर्कीची कंडरा काही ठिकाणी हाडासारखी कडक होते, त्यामुळे तिच्यावर ताण मोजणारी पट्टी चिकटवता येते. मांसात लांबी टिपणारे सूक्ष्म स्फटिक बसवले. सपाटीवर धावताना मांस जोर भरपूर लावत होते, पण आकसत जवळजवळ नव्हते. चढावर, जिथे शरीर खरेच वर उचलायचे असते, तिथे ते आकसू लागले. २००१ मध्ये टोकियोच्या फुकुनागा यांच्या गटाने चालणाऱ्या माणसांच्या पोटरीवर अल्ट्रासाउंड लावले, गर्भातले मूल पाहतात तेच यंत्र. पाऊल टेकलेले असताना पोटरीच्या तंतूंची लांबी फारशी बदलत नाही, कंडरा मात्र लांबत जाते आणि शेवटी झटक्यात आखूड होऊन टाच उचलते. मांस धरते, हालते ती दोरी. फेन आणि हिल यांनी सांगितलेल्या स्वभावाला अगदी धरून मांसाला काम मिळाले होते.

२०१५ मध्ये कॉलिन्स, विगिन आणि साविकी यांनी पोटरीमागे बांधायचे एक साधन केले. त्याला मोटर नाही, बॅटरी नाही. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पाऊल टेकले की खटका बसतो आणि दोरीला जोडलेली स्प्रिंग ताणली जाते. पाऊल सुटले की खटकाही सुटतो. ते लावून चालताना ऊर्जेचा खर्च साधारण ७ टक्क्यांनी घटला. स्प्रिंग फार मऊ घेतली तेव्हा लाभ मिळाला नाही. फार ताठ घेतली तेव्हाही गेला. मधल्या ताणाची स्प्रिंग होती, तिनेच ते साधले.