खान्देशातील विद्यार्थी आणि लोकपालाची वाट

प्रशासनाविरुद्धची तक्रार निःपक्षपणे ऐकणारा स्वतंत्र अधिकारी, म्हणजेच लोकपाल, नेमण्याची प्रथा स्वीडनमध्ये 1809 साली सुरू झाली. महाराष्ट्राने 1971 साली लोकायुक्त कायदा केला. विद्यापीठांपर्यंत ही कल्पना पोहोचायला आणखी चार दशके लागली.

खान्देशातील महाविद्यालये आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिका, फेरतपासणी किंवा प्रवेशाचा प्रश्न असला, की धुळे-जळगावच्या विद्यार्थ्याला पुणे गाठावे लागे. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि हे अंतर मिटले. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली तक्रार निवारणाचे नियम केले, 2019 मध्ये ते बदलले आणि 2023 मध्ये नवे नियम आणले. त्यांनुसार तक्रार आधी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या समितीपुढे जाते. समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील एक व्यक्ती असावी लागते. समितीचा निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थी 15 दिवसांत लोकपालाकडे अपील करू शकतो. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश या पदावर नेमता येतो.

अनेक पाश्चात्त्य संस्थांतील ओम्बड्स, म्हणजे तिथला लोकपाल, गोपनीय सल्ला देतो, निवाडा करत नाही. आपल्याकडील लोकपाल अपील ऐकतो. ग्रामीण आणि आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत या हक्काची माहिती पोहोचवणे हे प्रत्येक महाविद्यालयाचे कर्तव्य आहे.