पोमोदोरो तंत्र

पोमोदोरो तंत्र ही वेळेच्या नियोजनाची पद्धत आहे. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ती विकसित केली. त्यांचे स्वयंपाकघरातील गजराचे घड्याळ टोमॅटोच्या आकाराचे होते. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात. २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विश्रांती आणि अशा चार सत्रांनंतर दीर्घ विश्रांती, असा क्रम असतो.

एडीएचडी अर्थात अवधानन्यूनता व अतिचंचलता असलेल्या अनेकांना वेळेचा अंदाज येत नाही. काम सुरू करणेही जड जाते. गजर हा अंदाज बाहेरून पुरवतो, तर छोट्या मुदतीमुळे सुरुवात सोपी होते. मात्र तंद्री लागलेली असताना वाजणारा गजर काहींना अडथळाच ठरतो, म्हणून सत्राची लांबी व्यक्तीनुसार बदलली जाते. ही पद्धत वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही.