सतराव्या वर्षी जपान, पंचविशीत चीन

मुलींची आशियाई युवा व्हॉलीबॉल स्पर्धा १९९७ साली थायलंडमध्ये सुरू झाली. तिच्या विजेत्यांत जपानचं नाव सर्वाधिक वेळा येतं. मोठ्या महिलांच्या आशियाई स्पर्धेत मात्र चीन कितीतरी पुढे. चीनकडे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं आहेत, जपानकडे दोन; त्यातलं शेवटचं १९७६चं. मग सतराव्या वर्षी आशिया जिंकणाऱ्या मुली पुढे मागे का पडतात?

जपानची गोष्ट गिरणीत सुरू होते. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या बहुतेक खेळाडू ओसाकाजवळच्या काइझुकातल्या निचिबो या कापड कंपनीत नोकरी करत. दिवसा काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु त्यांना जमिनीवर लोळण घेऊन चेंडू उचलायला आणि लगेच उभं राहायला शिकवत. उंची कमी, तर चेंडू जमिनीला टेकूच द्यायचा नाही, असा हा खेळ.

पुढे ही तालीम शाळांच्या क्लबांत रुजली. तिथे व्हॉलीबॉल हा जवळपास रोजचा धडा असतो. त्यामुळे सतराव्या वर्षी जपानी मुलीच्या अंगात बचाव पक्का मुरलेला असतो, तर प्रतिस्पर्धी संघातली उंच मुलगी अजून स्वतःच्या हातापायांचा अंदाज घेत असते. जाळी २.२४ मीटरचीच राहते. पाच-सात वर्षांत ती उंच मुलगीही तंत्र शिकते. तंत्र शिकता येतं, उंची नाही.

पण हे विधिलिखितही नाही. थायलंडचा संघही उंच नव्हता. तरी २००९मध्ये हनोईत चीनला आणि २०१३मध्ये घरच्या मैदानावर जपानला अंतिम सामन्यात हरवून थाई महिला आशियाई विजेत्या झाल्या. सेटर नूतसारा तोमकोम आणि प्लमजित तिनकाओ यांच्यासारख्या मुली विशीच्या आतबाहेर एकत्र आल्या आणि दशकाहून अधिक काळ एकत्रच खेळल्या. कोण कुठे उडी घेणार, हे बघावंही लागू नये इतक्या.

युवा स्पर्धेतली मुलगी वयाची अट ओलांडली की त्या स्पर्धेतून कायमची बाहेर पडते. तिचं पदक तिच्या शाळेबद्दल बरंच सांगतं. तिला पुढे कोणी सांभाळलं का, हे मात्र दहा वर्षांनंतरचा संघच सांगतो.