आय७-७७०० की आय५-८४००? जुना संगणक घेण्यापूर्वी

वापरलेला संगणक विकत घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘आय५ आहे की आय७?’ उत्तर ‘आय७’ असे आले की गिऱ्हाईक निश्चिंत होते आणि विक्रेता चार पैसे अधिक सांगतो. धारवाडच्या सुभाष रोडसारखी परगावची बाजारपेठ असो वा आपल्या मडगाव-म्हापशाचे दुकान असो, या व्यवहारात फारसा फरक पडत नाही. वस्तुतः या प्रश्नाच्या उत्तरावरून यंत्राची योग्यता कळत नाही. ‘कितव्या पिढीचा?’ हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा असून तोच अनेकदा विचारायचा राहून जातो.

शिक्षणासाठी धारवाड-हुबळीकडे जाणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यांची संख्या लहान नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला नवा संगणक घेऊन देणे प्रत्येक पालकाला परवडतेच असे नाही. मग कार्यालयांतून निघालेल्या, पुसूनपासून विक्रीस ठेवलेल्या यंत्रांकडे लक्ष वळते. गोव्यातील लहान हिशेबनीस, झेरॉक्सची दुकाने आणि शाळांच्या संगणक प्रयोगशाळा यांचीही गरज याच बाजारातून भागते. अशा यंत्रांत इंटेल कंपनीचे दोन प्रोसेसर आढळतात. कोअर आय७-७७०० हा एक आणि कोअर आय५-८४०० हा दुसरा. दोन्ही २०१७ सालचे. जानेवारीत आलेला आय७ सातव्या पिढीचा, तर ऑक्टोबरमध्ये आलेला आय५ आठव्या पिढीचा. अवघ्या नऊ महिन्यांच्या या अंतराने दोघांचे आजचे मूल्य पार बदलून टाकले आहे.

दोन प्रोसेसरांची ओळख

प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गणनकेंद्राला कोअर म्हणतात. आय७-७७०० मध्ये असे चार कोअर आहेत. ‘हायपर-थ्रेडिंग’ या सोयीमुळे प्रत्येक कोअर एकाच वेळी कामाचे दोन प्रवाह, म्हणजे दोन थ्रेड, हाताळतो. त्यामुळे एकूण थ्रेड आठ होतात. त्याचा मूळ वेग ३.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल वेग ४.२ गिगाहर्ट्झ. अंतर्गत कॅशे स्मृती ८ एमबी.

आय५-८४०० मध्ये सहा कोअर आहेत, परंतु हायपर-थ्रेडिंग नाही. म्हणून थ्रेडही सहाच. मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, कमाल वेग ४.० गिगाहर्ट्झ आणि कॅशे ९ एमबी. दोन्ही प्रोसेसर १४ नॅनोमीटर पद्धतीने घडवलेले आहेत आणि दोघांचीही उष्णतामर्यादा ६५ वॅटची आहे. त्यामुळे वीजबिलाच्या दृष्टीने निवड करण्याजोगे त्यांत काही नाही. चित्र दाखवणारा भागही जवळजवळ एकच आहे. फक्त आय७ वर त्याचे नाव ‘एचडी ६३०’ आणि आय५ वर ‘यूएचडी ६३०’.

जाहिरातीत किंवा पाटीवर मूळ वेगच लिहिलेला असतो. ३.६ आणि २.८ हे आकडे शेजारी ठेवले की आय५ मंद असल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात पुरेसे थंड ठेवलेले यंत्र कामाच्या वेळी मूळ वेगावर क्वचितच थांबते, ते त्याच्या बरेच वर चालते.

वेगाचा हिशेब

या दोन्ही प्रोसेसरांच्या कोअरची आतली रचना मुळात एकच, म्हणजे २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर आलेली आहे. साहजिकच समान वेगावर दोघांचा एकेक कोअर सारखेच काम करतो आणि तुलना सोपी होते.

एकाच कोअरवर भार टाकणारी कामे म्हणजे मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, हिशेबाचे सॉफ्टवेअर, साधे संकेतस्थळ. येथे ४.२ विरुद्ध ४.० असा सामना होतो आणि आय७ पाच टक्क्यांनी पुढे राहतो. हा फरक घड्याळ लावून मोजता येईल. खुर्चीत बसलेल्या माणसाला तो जाणवणार नाही.

सर्व कोअर कामाला लागतात तेव्हा चित्र बदलते. त्या वेळी आय७ चे चार कोअर ४.० गिगाहर्ट्झवर, तर आय५ चे सहा कोअर ३.८ गिगाहर्ट्झवर चालू शकतात. गुणाकार केला तर एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला २२.८ असे आकडे येतात. हायपर-थ्रेडिंगमुळे आय७ च्या कामात भर पडते, पण दोन थ्रेड म्हणजे दोन कोअर नव्हेत. ते एकाच कोअरची साधने वाटून घेतात. ही भर उदारपणे तीस टक्के धरली तरी १६ चे २१ च्या आसपास होतात. म्हणजे चित्रफितीचे संपादन, मोठ्या छायाचित्रांवरील प्रक्रिया किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे प्रोग्रॅम बांधणे अशा कामांत आय५ साधारण दहाव्या हिश्श्याने पुढे राहतो.

सुरक्षिततेची एक बाबही येथेच नोंदवायला हवी. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाऊन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांनी जाहीर झालेल्या त्रुटींची झळ दोन्ही प्रोसेसरांना लागते. त्यांवरचे उपाय सॉफ्टवेअरमधून करावे लागले आणि काही कामांत वेग घटला. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या आणखी काही त्रुटींनंतर मात्र अतिसंवेदनशील कामांसाठी हायपर-थ्रेडिंग बंद ठेवण्याचा विचार पुढे आला. तसे केल्यास आय७ आपले चार जादा थ्रेड गमावतो. आय५ पाशी गमावण्यासारखे ते नाहीतच.

तेव्हाची किंमत, आजची किंमत

बाजारात आले तेव्हा आय७-७७०० ची घोषित किंमत ३०३ डॉलर, तर आय५-८४०० ची १८२ डॉलर होती. एकाच वर्षात तेवढेच किंवा किंचित अधिक काम करणारा प्रोसेसर साठ टक्के किमतीत मिळू लागला. याचे श्रेय बऱ्याच अंशी स्पर्धेला जाते. एएमडी कंपनीने मार्च २०१७ मध्ये ‘रायझन’ मालिका आणली आणि ३२९ डॉलरला आठ कोअरचा प्रोसेसर देऊ केला. सर्वसामान्य ग्राहकाला वर्षानुवर्षे चार कोअरवर थोपवून धरणाऱ्या इंटेलला त्याच वर्षी सहा कोअर द्यावे लागले.

येथे मदरबोर्डची एक मेख आहे. दोन्ही प्रोसेसरांची बैठक ‘एलजीए ११५१’ याच नावाची, तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. आय७-७७०० ला एच११० किंवा बी२५० यांसारखे बोर्ड लागतात; आय५-८४०० ला एच३१०, बी३६० असे ३०० मालिकेचे. म्हणून ‘आत्ता हा घ्या, पुढे प्रोसेसर बदलून देतो’ या आश्वासनावर विसंबू नये. सातव्या पिढीच्या बोर्डावर आय७-७७०० हीच जवळजवळ शेवटची पायरी आहे. ३०० मालिकेच्या अनेक बोर्डांवर मात्र बायोस अद्ययावत करून नवव्या पिढीपर्यंत जाता येते.

मुदतीचा प्रश्न

खरा निर्णायक मुद्दा वेगाचा नसून मुदतीचा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा-योजना जाहीर झाली तेव्हा तिलाही १३ ऑक्टोबर २०२६ ही मर्यादा होती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीची अट घातली. सातव्या पिढीतील मोजके अपवाद सोडता बाकीचे प्रोसेसर यादीबाहेर राहिले. आय७-७७०० त्या बाहेरच्यांत आहे आणि आय५-८४०० यादीत आहे. बँकेचे व्यवहार, वीजबिल, मुलांचे प्रवेश-अर्ज ज्या यंत्रावरून होतात, त्या यंत्राला सुरक्षेची अद्यतने मिळत राहणे ही चैन नव्हे.

‘पण या आय७ वर विंडोज ११ चालूच आहे की!’ असे दुकानात दाखवले जाऊ शकते. अटींची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, हे खरे. तथापि अशा यंत्रांना पुढील अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पडद्यावर विंडोज ११ दिसणे हा पात्रतेचा पुरावा नव्हे. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्रॅम यंत्र पात्र आहे की नाही ते सांगतो. आय५-८४०० असूनही उत्तर नकारार्थी आले, तर बायोसमध्ये ‘टीपीएम’ आणि ‘सिक्युअर बूट’ या सोयी बंद ठेवल्या आहेत काय, ते पाहावे. अनेकदा त्या केवळ चालू करायच्या असतात.

म्हणून आय७-७७०० भंगारात काढावा, असे मात्र नाही. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ यांसारख्या लिनक्स प्रणालींना आठव्या पिढीची अट नाही. युनिकोड मराठी, इंटरनेट आणि कार्यालयीन लेखन ही सारी कामे त्यांवर व्यवस्थित होतात. ज्या शाळेला प्रयोगशाळा उभारायची आहे किंवा ज्या विद्यार्थ्याला लिनक्सवरच शिकायचे आहे, त्याला हा प्रोसेसर आणखी काही वर्षे उत्तम साथ देईल. केवळ विंडोजवर चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्यांना अनिवार्य आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

घेण्यापूर्वी काय पाहावे

प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे. ‘आय५’ किंवा ‘आय७’ नंतरच्या चार आकड्यांतील पहिला आकडा पिढी सांगतो. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे पाहावे लागतात. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर विश्वास न ठेवता यंत्र सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये नाव पडताळावे. नावाच्या अखेरीस ‘टी’ हे अक्षर असेल तर तो ३५ वॅटचा, कमी वेगाचा प्रकार होय. पुस्तकाएवढ्या छोट्या यंत्रांत बहुधा तोच असतो आणि वरील हिशेब त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

कार्यालयीन यंत्रांत नमुन्याचा क्रमांकही बोलका असतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०५० मध्ये सहावी किंवा सातवी पिढी असते, तर ७०६० मध्ये आठवी. एचपीच्या एलिटडेस्क ८०० मालिकेत ‘जी३’ आणि ‘जी४’ यांच्यात हीच सीमारेषा आहे. लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये एम९१० आणि एम९२० यांच्यात.

रॅम किमान ८ जीबी असावी आणि शक्य तर दोन सारख्या पट्ट्यांत विभागलेली असावी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे ना, हे पाहावे. रोजच्या वापरात तिने पडणारा फरक या दोन प्रोसेसरांतील फरकाहून कितीतरी मोठा असतो. बाजूची पत्री उघडून बोर्डावर गंज, फुगलेले कपॅसिटर किंवा पंख्यात साचलेली धूळ आहे काय ते तपासावे. आपल्या किनारपट्टीच्या दमट, खारट हवेत राहिलेल्या यंत्राबाबत ही तपासणी विशेष आवश्यक. पंधरा-वीस मिनिटे भार देऊन यंत्र आपोआप बंद पडत नाही ना, हेही पाहावे. बंद पडल्यास प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असण्याचा संभव असतो. मोठ्या कंपन्यांच्या कित्येक यंत्रांत वीजपुरवठ्याचा डबा खास मापाचा असतो. तो बिघडल्यास साध्या दुकानातला डबा बसत नाही.

शेवटी पक्के बिल. त्यावर प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम, एसएसडी आणि हमीचा कालावधी लिहून घ्यावा. धारवाडहून आणलेले यंत्र बिघडले तर ते पुन्हा अनमोड घाट चढवून न्यावे लागते. त्या खर्चापुढे दुकानात वाचलेले पैसे कधीच पुरे पडत नाहीत.

निवाडा

विंडोजवर काम करणाऱ्याने दोन्ही यंत्रे समान किमतीत मिळत असल्यास निःशंकपणे आय५-८४०० घ्यावा. त्यासाठी थोडे अधिक मोजणेही शहाणपणाचे ठरेल. लिनक्स वापरणाऱ्याने आय७-७७०० चा विचार अवश्य करावा, पण तो स्वस्त असेल तरच. किती स्वस्त? दोन्ही यंत्रांच्या किमतीतील फरकात किमान एक चांगली एसएसडी यावी, हा साधा मापदंड पुरे. ‘आय७’ या नावासाठी आय५ पेक्षा जास्त पैसे मोजण्याचे कारण मात्र आता उरलेले नाही.